व्यायलेल्या गायीस तेल की बायपास फॅट?

कीटकांच्या अनेक अळ्या कोषात जाण्यापूर्वी शरीरात मेद साठवतात आणि न खाण्याच्या काळात त्यावर तगून राहतात. व्यायलेल्या दुधाळ गायीचेही काहीसे असेच असते. विल्यानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत दूध कमाल पातळी गाठते. खाण्याची क्षमता मात्र त्यानंतर काही आठवड्यांनी पूर्ण होते. मधल्या काळातील ऊर्जेची तूट गाय अंगावरील चरबी वितळवून भरून काढते. तूट मोठी असल्यास गाय खंगते, माजावर येणे लांबते, किटोसिसही होऊ शकतो.

तेल पाजण्यातील धोका

अशा गायीला तेल पाजण्याची प्रथा अनेक भागांत आढळते. स्निग्ध पदार्थांतून पिष्टमय पदार्थांच्या सुमारे सव्वादोन पट ऊर्जा मिळते, हे खरे. परंतु मोकळे तेल अधिक प्रमाणात दिल्यास कोटीपोटात ते वैरणीच्या तंतूंवर पसरते आणि त्यातील असंतृप्त मेदाम्ले तंतू पचविणाऱ्या जिवाणूंना बाधतात. परिणामी वैरण नीट पचत नाही, खाणे घटते आणि दुधातील फॅटही उतरू शकते.

बायपास फॅटचे कार्य

मेदाम्लांचा कॅल्शियमशी संयोग करून तयार केलेला क्षार हा बायपास फॅटचा प्रचलित प्रकार होय. कोटीपोटाचा सामू 6 च्या वर असेपर्यंत तो बहुतांशी अभंग राहतो. पुढे चौथ्या पोटातील तीव्र आम्लात कॅल्शियम सुटते आणि मेदाम्ले लहान आतड्यात शोषली जातात. मात्र भरडा जास्त व वैरण कमी दिल्याने कोटीपोट आंबले, तर हे संरक्षण दुबळे होते. म्हणून आधी पुरेशी वैरण, मग बायपास फॅट, हा क्रम पाळावा.

मात्रा व हिशेब

दर लिटर दुधामागे साधारण 15 ते 20 ग्रॅम बायपास फॅट, विण्यापूर्वी सुमारे 10 दिवसांपासून विल्यानंतर 90 दिवसांपर्यंत द्यावे. विण्यापूर्वी अल्प मात्रेने सुरुवात करावी. त्यास साबणासारखा वास असल्याने खुराकात मिसळून मात्रा हळूहळू वाढवावी.

एकूण आहारातील स्निग्धांश शुष्क पदार्थाच्या 6 ते 7 टक्क्यांपलीकडे नेऊ नये. उदाहरणार्थ, 15 लिटर दूध देणारी संकरित गाय 12 किलो शुष्क पदार्थ खात असल्यास 6 टक्क्यांची मर्यादा 720 ग्रॅम होते. नेहमीच्या आहारात 3 टक्के, म्हणजे 360 ग्रॅम स्निग्धांश असेल, तर 225 ते 300 ग्रॅम बायपास फॅट सहज सामावते. सरकी भरपूर दिली जात असल्यास तिच्यातील तेलही या हिशेबात धरावे.

कमी दूध देणाऱ्या अथवा वेताच्या अखेरीस असलेल्या गायींना हा खर्च सहसा परवडत नाही. तसेच बायपास फॅट प्रथिने व खनिज मिश्रणाची जागा घेत नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी पशुपालकास सल्ला देताना गायीचे दूध, विल्याचा दिवस आणि गव्हाणीतील वैरण या तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात.