आंबाबागेतील फवारणी आणि पाळीव प्राण्यांची सुरक्षितता : रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात

प्रास्ताविक

रत्नागिरी जिल्ह्यातील हापूसच्या बागांत पालवी फुटल्यापासून फळ तयार होईपर्यंत कीटकनाशकांच्या अनेक फवारण्या केल्या जातात. तुडतुडे, फुलकिडे व भुरी यांपासून मोहोर वाचविणे हा त्यांचा हेतू होय. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ही पायरेथ्रॉइड वर्गातील, तसेच इमिडाक्लोप्रिडसारखी अन्य वर्गातील रसायने आढळतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतील विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावल्यानंतर फवारणी करणाऱ्यांच्या सुरक्षिततेची चर्चा झाली. वानरांपासून बाग राखणारा कुत्रा, मांगरात वावरणारे मांजर आणि कलमांखाली चरणारी गाय यांचा विचार मात्र त्या चर्चेत क्वचितच आला.

विषबाधेचे मार्ग

माणूस फवारणीनंतर हातपाय धुतो. प्राणी स्वतःचे अंग चाटून स्वच्छ करतो. ओल्या गवतातून फिरताना पंजांना व केसांना लागलेले रसायन अशा रीतीने पोटात जाते. कोकणातील कातळावर फवारणीच्या हंगामात पाणी आटत आलेले असते. अशा वेळी द्रावणाचे उघडे पिंप किंवा पंप धुतलेल्या पाण्याचे डबके हेच तहानलेल्या जनावराचे पाणवठे ठरतात. फवारलेले गवत कापून गोठ्यात टाकणे हाही एक मार्ग आहे, आणि तो सहज टाळता येण्याजोगा आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न घराभोवतीच्या हिरवळीच्या निमित्ताने अभ्यासला गेला. पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फिनॉक्सी वर्गातील तणनाशके मारलेल्या हिरवळीशी संपर्क आलेल्या स्कॉटिश टेरियर कुत्र्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका अधिक आढळला. असा सहसंबंध म्हणजे कार्यकारणभावाची सिद्धता नव्हे. तथापि याच वर्गातील २,४-डी भारतातही वापरले जाते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

त्रिकोणाचा रंग काय सांगतो?

कीटकनाशक कायदा, १९६८ व त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार वेष्टनावर लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण छापावा लागतो. चाचणीतील निम्मे प्राणी दगावण्यास तोंडावाटे लागणारी मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि त्याहून अधिक असेल तर हिरवा, असा हा क्रम आहे. निळ्या वा हिरव्या रंगाचा अर्थ 'निर्धोक' असा लावला जातो, तो चुकीचा आहे. चाचणी बहुधा उंदरांवर केलेली असते आणि मांजर म्हणजे मोठा उंदीर नव्हे. मांजराच्या यकृतात ग्लुक्युरोनाइडेशन ही प्रक्रिया दुर्बल असल्यामुळे पायरेथ्रॉइडांचे विघटन मंद गतीने होते. कुत्र्याच्या गोचिडांसाठी वापरले जाणारे परमेथ्रिनचे तीव्र द्रावण मांजराच्या जिवावर बेतते, ते याच कारणाने.

उपचाराची अडचण

लाळ गळणे, थरथर, झटके ही लक्षणे पायरेथ्रॉइड आणि ऑरगॅनोफॉस्फेट या दोन्ही वर्गांत दिसतात. उपचार मात्र भिन्न आहेत. ऑरगॅनोफॉस्फेट हे असिटिलकोलिनेस्टरेज या विकराचे कार्य रोखते. त्यावर अॅट्रोपिन परिणामकारक ठरते. पायरेथ्रॉइड मज्जातंतूंतील सोडियमच्या मार्गांवर परिणाम करते. तेथे अॅट्रोपिन हे प्रतिविष नाही, झटके आटोक्यात आणणे हाच उपचाराचा मुख्य भाग असतो. पॅराक्वाट या तणनाशकावर तर प्रतिविषच नाही. त्यामुळे पशुवैद्यकास 'आंब्याचे औषध' एवढीच माहिती मिळाली तर मोलाचा वेळ वाया जातो. बागेत दोन-तीन रसायने एकत्र मिसळली जातात व बाटल्या फेकल्या जातात, तेव्हा ही अडचण वाढते. वेष्टनासोबतच्या माहितीपत्रकात लक्षणे, प्रथमोपचार व प्रतिविष नमूद असते. हंगाम संपेपर्यंत ते मांगरात जपून ठेवणे उचित होय.

प्राणी शुद्धीवर असल्यास हातमोजे घालून त्याचे अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे, पुन्हा चाटू देऊ नये. दूध किंवा तूप पाजण्याची रीत टाळावी, कारण स्निग्ध पदार्थांमुळे काही रसायनांचे शोषण वाढते. झटके येत असताना तोंडात काहीही घालू नये आणि वेष्टनासह पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. फवारणीच्या दिवशी कुत्रा बांधून ठेवावा, त्याचे पाण्याचे भांडे आत घ्यावे आणि पाने व गवत पूर्ण वाळेपर्यंत त्याला बागेत सोडू नये.