डिफरेन्शियल बदललं, फ्लँजचं काय?

बुलढाणा जिल्ह्यात स्पोर्ट्स कार क्वचितच दिसते. पण डिफरेन्शियल बदलण्याची हौस, आणि गरजही, इथे आहे. पावसाळ्यात काळ्या मातीत जीपचं एक मागचं चाक नुसतं फिरतं, दुसरं जागचं हलत नाही. मग लोक लॉक होणारं डिफरेन्शियल बसवतात. स्पोर्ट्स कारवाला वळणासाठी बसवतो, आपण चिखलासाठी. पुढचा प्रश्न दोघांचाही एकच: अ‍ॅक्सलचा फ्लँज.

साधं डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतं. गणितापुरतं धरू, पहिल्या गिअरमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला 1000 न्यूटन-मीटर पीळ आला. म्हणजे प्रत्येक फ्लँजवर 500. लॉक झाल्यावर मात्र ज्या चाकाला पकड आहे, त्या एकट्यावर जवळजवळ सगळे 1000 येऊ शकतात.

आता फ्लँज हा पीळ पेलतो कशाने? बहुतेक जण म्हणतील, बोल्टने. नाही! बोल्ट फक्त फ्लँज हबवर दाबून धरतात. पीळ जातो तो दोन पृष्ठभागांच्या घर्षणातून. सहा बोल्ट, प्रत्येकाचा दाब 25 हजार न्यूटन, त्रिज्या 5 सेंटिमीटर, घर्षण-गुणांक 0.15 धरला, तर सांधा 1125 न्यूटन-मीटर पेलतो. पृष्ठभागावर तेल राहिलं आणि गुणांक 0.10 झाला, की उरले 750. जुन्या डिफरेन्शियलला ते चालून जात होतं. नव्याला चालणार नाही. फ्लँज किंचित सरकतो, बोल्टला आडवे झटके बसतात, तो ढिला होतो आणि शेवटी तुटतो. हे राजूर घाटात झालं तर चढावर ओढ जाते आणि उतारावर इंजिनाचा आवर जातो.

म्हणून काम सुरू करण्याआधीच शाफ्टचे दाते नव्या डिफरेन्शियलशी मोजून जुळवावेत. हातोडीने बसवलेला शाफ्ट आम्हाला मंजूर नाही. ऑइल सील नवं टाकावं, कारण तेच गळून तेल सांध्यात आणतं. दोन्ही पृष्ठभागांवरचा रंग, गंज, ग्रीस साफ करावं. पॅकिंग लागतच असेल तर पातळ, आणि एकच. जाड पॅकिंग दबत जातं, तसा बोल्टचा ताणही जातो. (दोन पॅकिंग लावली की गळती थांबते, ही समजूत कुठून आली कोण जाणे.) बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याला आवळावेत. आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल तर तेल लावू नये. तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून फ्लँजवर रंगाची एक रेघ ओढावी. काही फेऱ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली, तर तो एकच बोल्ट आवळून भागत नाही. सांधा उघडायचा, पृष्ठभाग पाहायचे आणि सहाही बोल्ट नवे घालायचे.