ड्रायर उघडण्याआधी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळ्यात बाल्कनीतले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, मुंबई-पुण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये दोरी बांधायला धड जागा उरत नाही, आणि मग घरात कंडेन्सर ड्रायर येतो. लंडन-म्युनिकच्या मराठी घरांत तर तो केव्हाचाच रुळला आहे. पण तो बिघडला की लोक दोन टोकांना जातात. काही जण झाकणाला हातही न लावता तो भंगारात काढतात, तर काही जण पेचकस घेऊन थेट आत शिरतात. पहिल्यात पैसे वाया जातात, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो. दोन्हींचं मूळ एकच आहे: आत नेमकं काय चालतं हे ठाऊक नसणं.

कंडेन्सर ड्रायरमध्ये हवेच्या दोन फेऱ्या असतात. आतली हवा हीटरवर तापते, ड्रममधल्या कपड्यांची ओल घेते, जाळीतून गाळली जाते आणि कंडेन्सरमध्ये थंड होते. तिथे वाफेचं पाणी होतं आणि कोरडी झालेली तीच हवा पंखा पुन्हा हीटरकडे ढकलतो. खोलीतली हवा कंडेन्सरच्या दुसऱ्या अंगाने वाहते आणि त्याला थंड ठेवते. जमलेलं पाणी तळाच्या खोलगट भागात उतरतं, तिथला छोटा पंप ते वरच्या टाकीत चढवतो. हवेचा आणि पाण्याचा हा रस्ता डोळ्यांसमोर ठेवला, तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

गैरसमज: समोरचं बटण बंद केलं की आत वीज नसते.

वस्तुस्थिती: बहुतेक यंत्रांत हे बटण फक्त कंट्रोल बोर्डाला थांबण्याचा इशारा देतं. बोर्डापर्यंत २३० व्होल्ट पोचलेलेच असतात. भिंतीवरचं बटणही सहसा एकच तार तोडतं. घराच्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली असेल, तर तुटते ती न्यूट्रल, आणि फेज यंत्रात जिवंतच राहते. म्हणून प्लग सॉकेटमधून उपसून काढायचा आणि काम संपेपर्यंत तो आपल्या नजरेसमोर ठेवायचा. त्यानंतरही किमान दहा मिनिटं थांबा. इन्व्हर्टर मोटरच्या बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असू शकतात. मल्टिमीटरने ते मोजायची सवय नसेल, तर बोर्डाच्या डब्याला हातच लावू नका.

गैरसमज: पायात रबरी चप्पल आहे, घरात आरसीसीबी आहे, टेस्टरही लावून पाहिला; मग शॉक बसणार नाही.

वस्तुस्थिती: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात असायलाच हवा, पण तो फक्त जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखतो. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, तर प्रवाह छातीतून जातो आणि आरसीसीबी गप्प राहतो, कारण त्याला माणूस आणि हीटर यांतला फरक कळत नाही. त्या वेळी चप्पलही निरुपयोगी ठरते. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून तार मेलेली आहे, असंही धरून चालता येत नाही. घरी करण्याजोगी प्रत्येक तपासणी प्लग काढलेल्या यंत्रावर, मल्टिमीटरने रोध मोजून होते. झाकण उघडं ठेवून यंत्र चालू करून बघणं हे घरातलं काम नव्हे.

गैरसमज: कपडे ओले राहिले म्हणजे हीटर गेला.

वस्तुस्थिती: आधी यंत्र काय करतंय ते नीट पाहा. कार्यक्रम लवकरच संपतो आणि कपडे ओलेच असतात, तर संशय ड्रमच्या तोंडाशी असलेल्या दोन धातूच्या पट्ट्यांवर घ्यावा. ओल्या कपड्यांतून वीज किती सहज जाते यावरून त्या ओल ओळखतात. फॅब्रिक सॉफ्टनरचा किंवा क्षारांचा थर चढला की त्यांना ओला कपडाही कोरडा वाटतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने त्या पुसा. यंत्र पूर्ण वेळ चालतं पण कपडे गरम आणि दमट निघतात, तर हवा अडली आहे. ड्रम अगदी थंड राहतो, तेव्हा मात्र हीटर किंवा त्याच्या वाटेतला सुरक्षा-कटआउट तपासायचा.

हीटरची तपासणी सोपी आहे. २,५०० वॅटच्या हीटरचा रोध साधारण २१ ओहम भरतो. तारा सुट्या करून मोजल्यावर रोध अनंत दिसला तर वेटोळं तुटलं आहे. हीटरचं टोक आणि त्याचा धातूचा सांगाडा यांच्यातला रोध मात्र अनंतच दिसायला हवा; तो नसेल, तर वीज अंगावर उतरते आहे आणि तो हीटर बदलायलाच हवा. खोलीचं तापमानही विसरू नका. अनेक उत्पादक ५ ते ३५ अंशांची मर्यादा देतात. मे महिन्यात विदर्भातल्या बंद खोलीत कंडेन्सरला थंड करायला थंड हवाच मिळत नाही. आणि वॉशिंग मशिनमध्ये कपडे १,४०० ऐवजी ८०० फेऱ्यांवर पिळले असतील, तर जास्तीचं पाणी वाळवायचं ओझं ड्रायरवर येतं.

गैरसमज: दर वेळी जाळी साफ करतो, म्हणजे स्वच्छता झाली.

वस्तुस्थिती: जाळी प्रत्येक वेळी साफ करायलाच हवी, पण कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू, म्हणजे लिंट, तिच्याही पलीकडे जातं. काढता येणारा कंडेन्सर बाहेर ओढून नळाखाली, दोन्ही दिशांनी पाणी सोडून धुवा. पाणी आरपार वाहायला हवं. तो निथळल्यावरच परत बसवा आणि त्याच्या रबरी पट्ट्या जागेवर आहेत ना ते बघा. त्या सरकल्या की दमट हवा यंत्राच्या पोटात शिरते, आणि तिच्याबरोबर लिंटही.

हे पोटातलं लिंट झाकण उघडल्यावरच दिसतं. बऱ्याच मॉडेलमध्ये मागचे दोन स्क्रू काढून वरचं झाकण मागे सरकवलं की ते उचलता येतं. पत्र्याच्या कडा पातीसारख्या असतात, त्यामुळे हातमोजे घाला. प्रत्येक स्क्रू आणि जोडणी काढण्यापूर्वी मोबाइलने फोटो घ्या. तळाशी, मोटरभोवती, हीटरच्या पेटीमागे करड्या कापसाचा थर बसलेला असतो. तो मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. ब्लोअरने उडवू नका. उडालेलं लिंट हीटरच्या पेटीत आणि बोर्डावर जाऊन बसतं.

गैरसमज: टाकी रिकामी असून भरल्याचा दिवा लागतो, म्हणजे बोर्ड खराब झाला.

वस्तुस्थिती: वरच्या टाकीचा त्याच्याशी संबंध नसेलही. बऱ्याच यंत्रांत हा इशारा तळाच्या खोलगट भागातला तरंगता खटका देतो. लिंट आणि पाणी मिळून तिथे गाळ होतो, भिजलेल्या कागदाच्या लगद्यासारखा. तो पंपाच्या पात्यांत अडकला की पाणी वर चढत नाही. तोच तरंगत्या खटक्याखाली बसला की पाणी नसतानाही खटका वर राहतो. प्लग काढून, पंप उचलून, पाती बोटाने फिरवून पाहा. गाळ काढून पाण्याची नळी धुतली की अनेकदा यंत्र पुन्हा चालू लागतं, आणि महागडा बोर्ड आणण्याची गरज पडत नाही.

गैरसमज: ड्रायरचं पाणी डिस्टिल्ड वॉटरच असतं, इन्व्हर्टरच्या बॅटरीला चालतं.

वस्तुस्थिती: त्यात लिंट आणि साबणाचे अंश असतात. बॅटरीत किंवा पिण्यासाठी ते वापरू नये.

गैरसमज: ड्रम फिरत नाही म्हणजे मोटर जळाली.

वस्तुस्थिती: दार उघडून ड्रम हाताने फिरवा. तो विनासायास गरगर फिरला, तर पट्टा तुटला किंवा सुटला आहे. नवा पट्टा चढवताना त्याच्या बारीक खाचांची बाजू ड्रमकडे असते, आणि ताण देणारी पुली पूर्वी होती तशीच बसायला हवी. म्हणूनच आधी घेतलेला फोटो कामाला येतो. ड्रम जड जातो किंवा खरवडल्याचा आवाज येतो, तेव्हा आधारचाकं, नमद्याच्या पट्ट्या आणि ड्रमबाहेर अडकलेलं नाणं किंवा हूक यांचा शोध घ्या.

गैरसमज: थर्मल फ्यूज उडाला तर तो डायरेक्ट करून टाकावा, यंत्र छान चालतं.

वस्तुस्थिती: या लेखातला सर्वांत धोकादायक गैरसमज हाच. थर्मल फ्यूज किंवा कटआउट हा हीटरवरचा शेवटचा पहारा असतो. तापमान मर्यादेपलीकडे गेल्यावर तो सर्किट तोडतो, आणि तो उडाला याचा अर्थ आत काहीतरी तापलं होतं. कारण सहसा हवेच्या वाटेत सापडतं: तुंबलेला कंडेन्सर, भरलेली जाळी, शाफ्टवर सैल झालेला पंखा. ते कारण न काढता नवा फ्यूज बसवला, तर तोही उडेल. तारेचा तुकडा जोडून तो डायरेक्ट केला, तर पुढच्या वेळी हीटरला अडवणारं काहीच उरणार नाही. मेकॅनिकने असं सुचवलं तर स्पष्ट नकार द्या. त्याच तापमान-मर्यादेचा, त्याच मॉडेलचा भाग मागवा.

गैरसमज: हीट पंपचा ड्रायरही याच पद्धतीने खोलता येतो, आणि गॅस कमी झाला तर फ्रिजवाला भरून देतो.

वस्तुस्थिती: हीट पंपमध्ये कॉम्प्रेसर आणि शीतक वायूचं बंद सर्किट असतं. जुन्या यंत्रांत आर-१३४ए हा वायू आहे. कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ करणारा. नव्या अनेक यंत्रांत आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन असतो, आणि तो पेट घेतो. ज्वालेचं चिन्ह असलेला पिवळा त्रिकोण दिसला की त्या नळ्यांजवळ ठिणगी, सोल्डरिंग किंवा धारदार हत्यार नको. हे सर्किट प्रशिक्षित तंत्रज्ञानेच उघडावं, आणि एका वायूच्या जागी दुसरा तर कधीच भरू नये. घरी करायचं काम एवढंच: ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवरचं लिंट मऊ ब्रशने, पात्यांच्याच दिशेने काढणं. यंत्र आडवं करू नका. कॉम्प्रेसरमधलं तेल जागा सोडतं. युरोपीय संघाच्या नव्या ऊर्जा-नियमांमुळे १ जुलै २०२५ पासून तिथे बाजारात येणारे नवे ड्रायर जवळपास सगळे हीट पंपचेच आहेत, त्यामुळे तिथल्या मराठी घरांना हे लक्षात ठेवावंच लागेल.

गैरसमज: आग लागते ती शॉर्ट सर्किटनेच, आणि आपण घरात असलो की धोका नसतो.

वस्तुस्थिती: १९ ऑगस्ट २०१६ रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या १८ मजली शेफर्ड्स कोर्टमध्ये मोठी आग लागली. ती सातव्या मजल्यावरच्या एका सदोष ड्रायरमुळे सुरू झाली होती. इंडेसिट, हॉटपॉइंट आणि इतर काही ब्रँडच्या लाखो ड्रायरमध्ये लिंट हीटरपर्यंत पोचण्याचा दोष असल्याचं ते बनवणाऱ्या कंपनीने आदल्या वर्षीच मान्य केलं होतं. तरी दुरुस्ती होईपर्यंत लक्ष ठेवून यंत्र वापरलं तरी चालेल, असा सल्ला दिला जात होता. पुढे तो बदलून वापरच थांबवा असं सांगावं लागलं, आणि २०१९ मध्ये न सुधारलेली यंत्रं परत मागवली गेली. आपल्या यंत्राचं मॉडेल अशा यादीत आहे का, हे दुरुस्तीआधी तपासायला पाच मिनिटं लागतात.

वापरातली चूकही आग लावते. मालिशचं तेल, खाद्यतेल, रॉकेल किंवा टर्पेंटाइन लागलेले कपडे धुतल्यावरही तंतूंत थोडं तेल धरून ठेवतात. गरम अवस्थेत गठ्ठा करून ठेवले, तर आतल्या आत तापत पेटू शकतात. म्हणूनच कार्यक्रमाच्या शेवटी थंड हवेचा टप्पा असतो. यंत्र मध्येच थांबवावं लागलं, तर कपडे लगेच बाहेर काढून पसरा.

काम झाल्यावर, प्लग लावण्याआधी दोन मोजमापं करा. प्लगची अर्थिंगची मोठी पिन आणि यंत्राचा उघडा पत्रा यांच्यातला रोध जवळपास शून्य असायला हवा. तो नसेल, तर झाकणाची हिरवी-पिवळी तार परत लावायची राहिली आहे. फेजची पिन आणि अर्थिंगची पिन यांच्यात मात्र जोड दिसता कामा नये. मग यंत्र १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये थेट लावा, एक्स्टेंशन बोर्डावर नाही, आणि पहिली फेरी समोर थांबून पूर्ण होऊ द्या.

हवेचा आणि पाण्याचा रस्ता मोकळा ठेवणं, पट्टा आणि पंप तपासणं, रोध मोजणं हे कुणाही सावध माणसाला जमतं आणि ते त्याने जरूर करावं. बोर्ड, शीतक वायू आणि चालू विजेवरचं मोजमाप हे तंत्रज्ञाचं काम आहे. सुरक्षा-कटआउटला बगल देणं हे मात्र कुणाचंच काम नाही.