दोन फिजिओंचं एकमत झालं, म्हणजे चाचणी बरोबर का?

संशोधनाचा आराखडा लिहिताना "ही चाचणी विश्वासार्ह आहे" असं आपण सहज लिहून जातो. पण त्यात दोन प्रश्न असतात. दोन तपासणाऱ्यांना एकच उत्तर मिळतं का? ही विश्वासार्हता. ते उत्तर खरं आहे का? ही वैधता.

खांद्याचं उदाहरण घेऊ. खांद्याच्या खोबणीभोवती लॅब्रम नावाची मऊ कड असते. चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंमध्ये ती फाटू शकते. ते ओळखायला ओब्रायन चाचणी करतात. हात समोर 90 अंशांवर धरून थोडा आत घ्यायचा, अंगठा खाली करायचा. तपासणारा हात खाली दाबतो, खेळाडू विरोध करतो. मग तळहात वर करून पुन्हा तेच. पहिल्यांदा खांद्यात खोलवर दुखलं आणि दुसऱ्यांदा कमी झालं, तर चाचणी पॉझिटिव्ह.

आता समजा, दोन फिजिओंनी तेच 100 गोलंदाज तपासले. दोघांनीही प्रत्येकी 90 जणांना पॉझिटिव्ह ठरवलं आणि 84 जणांबाबत मत जुळलं. भारी वाटतं ना? पण न तपासता, त्याच प्रमाणात नुसते शिक्के मारले असते तरी सरासरी 82 जणांबाबत जुळलं असतं. योगायोगाचा हा वाटा वजा करणारा कोहेन यांचा कप्पा (1960) इथे येतो जेमतेम 0.11! म्हणून नुसती टक्केवारी देऊ नका, कप्पा आणि पूर्ण तक्ता द्या. नमुन्यात खांदा दुखणारे आणि न दुखणारे, दोन्ही खेळाडू घ्या. एकतर्फी नमुन्यात कप्पा घसरतो.

समजा कप्पा उत्तम आला. तरी काम अर्धंच झालं, कारण दोघं मिळून एकच चूक करू शकतात. 1998 च्या मूळ अभ्यासात या चाचणीची लॅब्रमसाठीची संवेदनशीलता 100 टक्के आणि विशिष्टता 98.5 टक्के दिली होती. नंतरच्या अभ्यासांत इतके आकडे टिकले नाहीत. विशिष्टता तर फारच खाली आली. शिवाय दुखणं नसलेल्या फेकणाऱ्या खेळाडूंच्या एमआरआयमध्येही लॅब्रममधले बदल दिसतात. मग तुलना कशाशी करायची, हे आधीच ठरवावं लागतं.

हे फक्त आकड्यांचं भांडण नाही. चुकीच्या पॉझिटिव्हमुळे एखाद्याचा हंगाम जातो किंवा नको ती शस्त्रक्रिया होते. त्यामुळे पुढचा पेपर वाचताना आधी तीन गोष्टी शोधा: कोणाला तपासलं, निकाल कशाशी ताडला, आणि तपासणाऱ्याला तो निकाल आधीच माहीत होता का.