एखादा भाग चुकला, तर?

अलिबाग, रेवदंडा वा श्रीवर्धनच्या वाडीतील घरात रात्री ‘सी.आय.डी.’ सुरू झाली, की आजोबांचे जेवण आणि गोळ्यांची वेळ मागे पडते, हा अनुभव आपल्यालाही असेल. २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झालेली ही मालिका २०१८पर्यंत चालली. दीड हजारांहून अधिक भाग झाले आणि डिसेंबर २०२४मध्ये ती परतली. शिवाजी साटम यांचा प्रद्युम्न अनेकांना घरातलाच वाटतो. म्हणून ‘मालिका सोडा’ असे आम्ही सुचवणार नाही.

मात्र प्रत्येक भाग पाहण्याचा अट्टहासही नको. बहुतेक गुन्ह्यांची उकल एक-दोन भागांतच होते. मधले चार भाग गाळले, तरी पुढची कथा अडत नाही. झोप मात्र सलग चार रात्री गाळली, तर तोल, स्मरण आणि रक्तदाब या साऱ्यांवर परिणाम होतो.

काळजीवाहकांनी एक खूण ध्यानात ठेवावी. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीस पडद्यावरील खून खरा वाटू शकतो. आजी पुन्हा पुन्हा कडी तपासू लागल्या, तर वाद घालू नका. ‘मी आहे ना’ एवढे म्हणा आणि असे भाग टाळा. इतरांनी चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पाहावा. दर अर्ध्या तासाने उठून अंगणात फेरी मारावी.

खुनी उद्याही सापडेल. आजची झोप मात्र आजच घ्यावी लागते.