दूरच्या डोंगराचा रंग

चित्रकलेच्या तासाला डोंगर काढावयास सांगितला की बहुतेक मुले तीन त्रिकोण काढून त्यांत हिरवा रंग भरतात. प्रस्तुत लेखक शाळेवर असताना एका मुलाने डोंगर निळा रंगविला, तेव्हा त्यावर तांबड्या शाईची फुली पडली. पुढे त्या मुलाचे सर्व डोंगर हिरवेच झाले. चूक मुलाची नव्हती, फुली मारणाऱ्याची होती.

दूरचा डोंगर व आपण यांमध्ये कित्येक मैल हवा असते. हवेचे कण सूर्यप्रकाशातील निळा अंश अधिक विखुरतात व तो प्रकाश डोंगराच्या मूळ रंगावर पसरतो. म्हणून डोंगर जितका दूर तितका तो निळसर व फिका दिसतो. इटलीचा चित्रकार लिओनार्दो द विंची (१४५२–१५१९) याने आपल्या टिपणांत हे नोंदवून ठेवले आहे.

कोल्हापूरच्या वायव्येस जोतिबाचा डोंगर व पन्हाळगड आहेत. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून त्यांवर पडते. घड्या स्पष्ट दिसतात, रंग तांबूस व प्रसन्न असतो. उन्हाळ्यात सायंकाळी सूर्य त्यांच्याच बाजूस उतरला की सर्व घड्या बुजून एक जांभळट छाया उरते व मन आपोआप गंभीर होते. वैशाखातील धुळीत तोच डोंगर थकल्यासारखा भासतो; वळवाची सर येऊन गेली की हवा धुऊन निघते व तो जवळ सरकल्यासारखा वाटतो. चित्रातील भाव येतो तो यातून. डोंगराचा आकार त्या मानाने गौण होय.

करवीरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) कोटितीर्थ व रंकाळ्याचा परिसर पुनःपुन्हा रंगवीत. शक्य असेल त्यांनी राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात मुलांना न्यावे, आणि निसर्गचित्रापुढे ‘यात काय काय आहे?’ असे न विचारता ‘ही वेळ कोणती?’ असे विचारावे.

रंगपेटी नसल्यास कपड्यांची नीळ, गेरू, कोळसा, खडूची पूड व डिंकाचे पाणी एवढ्यावर भागते. सर्वांत मागील रांगेस नीळ व भरपूर खडू, मधल्या रांगेस खडू कमी व किंचित कोळसा, पायथ्याच्या माळास गेरू. खडूचा रंग वाळल्यावर अधिक पांढरा पडतो. यास्तव आधी रद्दी कागदावर पट्टी ओढून ती वाळू द्यावी.