चाकांवरच्या घराचा विमा

अमेरिकेत वर्षभर आरव्हीत, म्हणजे घर असलेल्या गाडीत, राहणाऱ्यांना गाडी आणि संसार दोन्ही सांभाळणारी पॉलिसी मिळते. आपली मोटार पॉलिसी गाडीपुरतीच असते. म्हणून चेन्नईतल्या अड्यारचा फ्लॅट भाड्याने देऊन कॅम्पर व्हॅनमध्ये मुक्काम हलवायचा असेल, तर विमा टप्प्याटप्प्याने उभा करावा लागतो.

पहिला टप्पा आरसीचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचा. साध्या व्हॅनमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवायची असेल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवी. नोंद नसलेल्या बदलावर बोट ठेवून कंपनी क्लेम अडवू शकते.

दुसरा टप्पा किमतीचा. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर आयडीव्हीइतकी, म्हणजे पॉलिसीत घोषित केलेल्या किमतीइतकी, भरपाई मिळते. ही किंमत उत्पादकाच्या जाहीर विक्री किमतीतून घसारा वजा करून ठरते. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला प्रचलित तक्त्यानुसार ३० टक्के घसारा लागतो, म्हणजे २० लाखांच्या व्हॅनचे १४ लाख धरले जातात. नंतर ५ लाख खर्चून बसवलेला फ्रिज, बॅटरी, सोलर पॅनल यांची किंमत यात येत नाही. बिले जोडून त्यांची वेगळी नोंद करून घ्या. स्वयंपाकाची शेगडी आणि गॅस सिलिंडर असल्याचेही कंपनीला सांगा.

तिसरा टप्पा पाण्याचा, आणि अड्यारकराने इथे अजिबात हयगय करू नये. डिसेंबर २०१५ मध्ये चेंबरंबाक्कम तलावातून पाणी सुटले, अड्यार नदी फुगली आणि कोट्टूरपुरम, सैदापेटमध्ये घरांत पाणी शिरले. नुसता थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा असला तरी अशा पुरात तुमच्या गाडीला तो एक रुपयाही देत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी हवी. तरीही एक फट उरते. पाणी आत गेलेले इंजिन सुरू करायला गेलात, तर पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान मूळ पॉलिसीत बहुधा नाकारले जाते. म्हणून इंजिन संरक्षणाचे ॲड-ऑन घ्या. गाडी बुडालीच, तर किल्ली फिरवू नका. फोटो काढा, कंपनीला कळवा आणि टो करून न्या.

चौथा टप्पा माणसांचा आणि सामानाचा. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा फक्त त्याच्यापुरता असतो, जोडीदारासाठी वेगळा घ्या. आरोग्य विम्यात देशभर कॅशलेस सोय आहे का, ते पाहा. लॅपटॉप, कपडे, दागिने मोटार पॉलिसीत येत नाहीत. मौल्यवान वस्तू लॉकरमध्येच ठेवा. भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा विमाही चालू राहू द्या.

प्रस्तावात ‘या गाडीत आम्ही कायम राहणार आहोत’ असे स्पष्ट लिहा आणि कंपनीचे उत्तर ईमेलवर घ्या. गाडी कधी भाड्याने देणार असाल तर खासगी पॉलिसी चालणार नाही; मग कोणती लागेल, तेही आधीच विचारा. हप्ता थोडा वाढेल, पण ज्या छपराखाली रोज झोपायचे त्याची खरी ओळख कंपनीच्या कागदावर असलीच पाहिजे.